मामाचे फासे

मामाने भाच्याला काय द्यावं याची आपल्याकडे मोठी यादी आहे. मुंजीत कपडे द्यावेत, उन्हाळ्यात आंबे द्यावेत, बापाशी वाजलं तर चार दिवस कॉट द्यावी. फाशांच्या भानगडीत मात्र पडू नये. महाभारतात एका मामाने भाच्याच्या भल्यासाठी फासे हातात घेतले, त्यात अठरा अक्षौहिणी सैन्य खपलं. हे ठाऊक असूनही यंदा दिवाळीच्या तोंडावर मी ओजससाठी फासे निवडत बसलो होतो.

ओजस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, नीताचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दर शनिवारी रात्री पाच पोरं त्याच्या खोलीत जमतात, दार लावून घेतात आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. सुरुवातीला नीताचा घाबराघुबरा फोन आला होता, "दादा, आतून एकजण म्हणतोय, मी त्याचा गळा चिरतो. आणि दुसरा म्हणतोय, आधी फासा टाक!" मी स्कूटर काढून धावलो. पाहतो तर पाच पोरं, थंड झालेला पिझ्झा आणि कागदांचा ढीग. गळा कोण्या राक्षसाचा होता आणि तोही चिरला गेला नव्हता, कारण फासा तीनवर थांबला होता.

खेळ सोपा आहे म्हणे. एकजण गोष्ट सांगतो, तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे आपापलं पात्र होऊन गोष्टीत शिरतात, आणि योजलेलं जमलं की फसलं ते फासा ठरवतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो काढला. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, पण तब्येत माझ्यापेक्षा बरी.

पात्राचा एक फॉर्म असतो. मी बँकेत आहे, फॉर्मला भीत नाही; पण त्यापुढे आमचा केवायसी परवडला. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा, प्रत्येकाला वेगळे आकडे. (बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळ्या रकान्यांत आहेत हे पाहून मात्र मी त्या दोन अमेरिकनांना मनातल्या मनात नमस्कार केला.) ओजसचं पात्र म्हणजे एक गाणारा भाट. त्याचा करिश्मा अठरा! सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांसमोर मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या मुलाचा करिश्मा अठरा!

"दिवाळीला काय आणू रे?" मी विचारलं.

"काहीही चालेल, मामा."

'काहीही' या वस्तूइतकी दुर्मिळ वस्तू बाजारात नाही. आधी खेळाच्या नियमांचं पुस्तक घ्यावं म्हणून अप्पा बळवंत चौकात गेलो. "प्लेअर्स हँडबुक आहे का?" दुकानदाराने विचारलं, "कबड्डीचं?" मी म्हटलं, "बरं, डंजन मास्टर्स गाईड?" तो म्हणाला, "गाईड कितवीचं पाहिजे?" मागे चार पालक रांगेत होते. 'नंतर येतो' म्हणून निघालो.

मग ऑनलाइन शोधलं, तर तिथे आवृत्त्यांचा घोळ. एक पुस्तक 2014चं, एक 2024चं, नाव तेच. आडून आडून विचारल्यावर ओजस म्हणाला, "आमचं टेबल चौदाच्या पॅटर्नचं आहे." इंजिनिअरिंगच्या पोरांना राक्षस मारायलासुद्धा पॅटर्न लागतो.

शेवटी एक तयार साहसकथेचं पुस्तक मला फार आवडलं. मुखपृष्ठावर किल्ला, आत नकाशे. मागवणारच होतो, पण शहाणपणाच्या रकान्यात थोडे गुण असावेत, म्हणून त्यांच्या डीएमला फोन केला. तो पोरगा किंचाळलाच. "काका, नको! ओजस प्लेअर आहे! तेच कॅम्पेन मी चालवतोय! कुठल्या दारामागे काय आहे ते सगळं लिहिलंय त्यात!" म्हणजे भेट म्हणून मी पेपर फोडत होतो. "मग देऊ काय?" "फासे द्या. फासे कधीच जास्त होत नाहीत."

ओजसकडे चाळीसेक फासे आहेत हे मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या फाउंटन पेनांसारखंच."

सात फाशांचा संच आला. निळा, आत सोनेरी वर्ख. नेहमीचा सहा बाजूंचा एकच. बाकी चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे एकेक, दहा बाजूंचे दोन. चार बाजूंचा खाली पडला की टोक वर करूनच बसतो. तो फासा नव्हे, गोखरू आहे, हे सौभाग्यवतींना अनवाणी पायाने कळलं आणि मला त्यांच्या आवाजावरून कळलं. वीस बाजूंचा मात्र मी रात्री दिव्याखाली धरून बसलो. विसाच्या मागे एक, एकोणिसाच्या मागे दोन, समोरासमोरची बेरीज सगळीकडे एकवीस. दहाही जोड्या तपासल्या. टॅली झाली. झोप छान लागली.

या पोरांचे फासे सोवळ्यातले असतात. आजीच्या सोवळ्याला हसणारा ओजस आपल्या फाशांना दुसऱ्याचा हात लागू देत नाही. आणि जो फासा ऐन वेळी एक दाखवतो, त्याला कैद. चिवड्याच्या जुन्या बरणीवर त्याने चिठ्ठी चिकटवली आहे: 'येरवडा'. तेव्हा मी रात्री केलेल्या तपासणीबद्दल बोलायचं नाही, असं ठरलं.

भाऊबीजेला नीताने पाट मांडला, ओवाळलं. मी ऐटीत खिशातून संच काढून ओजसच्या हातात ठेवला. सराफाकडून कधीतरी आलेल्या मखमली बटव्यात तो घातला होता. ओजसने बटवा उलटसुलट पाहिला. "मामा, भारी! बटवा कुठून आणलास?" मग फासेही पाहिले.

नीता तबक घेऊन तशीच उभी होती. "आणि माझं?"

महिनाभर पॅटर्न, आवृत्त्या आणि पैलू यांत बहिणीची ओवाळणी साफ राहिली होती. पाकीट हल्ली मी बाळगत नाही. "फोनवर पाठवतो," मी म्हणालो.

"तबकात काय फोन ठेवणार आहेस, दादा?"

सौभाग्यवती पंख्याकडे पाहू लागल्या. ओजसने मात्र वीस बाजूंचा फासा माझ्या तळहातावर ठेवला. "मामा, पर्सुएशन. म्हणजे आईची समजूत घालायची. पंधराच्या वर पाड, आई सोडून देईल."

मी निरांजन जरा सरकवलं आणि तबकातच फासा टाकला. टण्‌कन उडाला, सुपारीला धडकला, कुंकवातून गिरकी घेऊन अक्षतांवर थांबला.

एक.

ओजसने काही न बोलता तो उचलला, शर्टाला कुंकू पुसलं आणि आतून बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. नीताने तबक अजून खाली ठेवलेलं नव्हतं.