लॉस 0.1 म्हणजे 90 टक्के बरोबर? नाही ना भाऊ!

पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी फोटोवरून ओळखणारं मॉडेल, म्हणजे फोटो पाहून शिकणारा संगणकाचा प्रोग्रॅम, करायचं, म्हणून आमच्या तालुक्यातल्या पोरांनी ग्रुप काढला. मॉडेल किती चुकतंय हे मोजणारा आकडा म्हणजे लॉस, तो काढायचं सूत्र म्हणजे लॉस फंक्शन. ग्रुपवर त्याबद्दल आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘लॉस 0.1 आला की मॉडेल 90 टक्के अचूक. लॉस फंक्शन कोणतंही लावा. आकडा शून्यावर आणा, काम फत्ते.’ तिन्ही वाक्यं चूक.

लॉस ही टक्केवारीच नव्हे. ‘अळी आहे की नाही’ अशा कामात बहुधा क्रॉस-एन्ट्रॉपी वापरतात. खऱ्या उत्तराला मॉडेलनं जितकी संभाव्यता दिली, तिचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. दर फोटोला डोळे मिटून 0.5 म्हटलं तर लॉस 0.69. मेसेजच्या हिशेबानं अचूकता 31 टक्के, अन् छापा-काटा तर निम्म्या वेळा बरोबर येतो! आता 10 फोटो घ्या. एक मॉडेल 9 ठिकाणी खऱ्या उत्तराला 0.99 देतं, दहाव्याला 0.01. सरासरी लॉस 0.47. दुसरं सगळीकडे खऱ्या उत्तराला चाचरतच 0.6 देतं, लॉस 0.51. लॉस जास्त, तरी 0.5 च्या वर असल्यानं दहाच्या दहा बरोबर. पहिल्यानं ठासून चूक केली, तिचा दंड त्याला बसला.

‘कोणतंही लावा’ हे तर वावरात उतरून पाहावं. पाच शेतांचा एकरी कापूस 4, 5, 5, 6 आणि 15 क्विंटल, शेवटचं ओलिताचं. सगळ्यांसाठी एकच अंदाज द्यायचा झाला, तर वर्ग-त्रुटी (प्रत्येक चुकीचा वर्ग करून मोजणारा लॉस) 7 म्हणते, म्हणजे सरासरी. निरपेक्ष त्रुटी (चूक जितकी तितकीच मोजणारा लॉस) 5 म्हणते, म्हणजे मध्यक, क्रमानं लावल्यावर मधला आकडा. कोरडवाहूवाल्या चौघांपैकी एकालाही 7 झालेला नाही.

बोंडअळीत पेच आणखी अवघड. 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये अळी निघाली, म्हणजे 10 टक्के, की फवारणीची वेळ आली. पण त्या 20 बोंडांना डोळे झाकून ‘अळी नाही’ म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं! म्हणून सुटलेल्या अळीच्या चुकीला लॉसमध्ये जास्त वजन देतात. किती? अळी नसताना दिलेली खोटी हाळीही फुकट नसते, उगाच फवारणी होते. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते विसरून वजन ठरवता येणार नाही. हा आकडा संगणक सांगत नाही. किडीचा जाणकार आणि शेतकरी यांना सोबत बसून ठरवावा लागतो.

राहिलं शून्य. शिकवलेले फोटो पाठ झाले की शून्याजवळ जाता येतंच. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर, दुसऱ्या शिवारातल्या, ढगाळ दिवसाच्या, लॉस किती ते पाहायचं. मेसेज टाकणाऱ्याला मी विचारलं, हा 0.1 कोणत्या फोटोंवरचा? म्हणाला, ‘शिकवले तेच की, दादा.’