‘थायरॉइडमध्ये दुसरा कॅन्सर जातच नाही’? हा मेसेज पुढे पाठवू नका

थायरॉइडमधून रक्त वेगाने वाहतं, तिथे आयोडीनही भरपूर असतं, म्हणून फुफ्फुसाचा कॅन्सर तिथे रुजत नाही. टीएसएच (थायरॉइडची नेहमीची रक्तचाचणी) नॉर्मल असेल तर गाठीची काळजी नको. आणि कॅन्सर निघालाच तर किरणोत्सारी आयोडीनच्या डोसने बरा होतो. असा मेसेज फिरतोय. पेशंटचं नुकसान करणारा आहे, म्हणून हे लिहितेय.

रक्तप्रवाहाची कल्पना जुनी आहे, एकेकाळी डॉक्टरांनीही मांडलेली. पण किडनी, फुफ्फुस, स्तन, आतडं इथले कॅन्सर थायरॉइडमध्ये पसरलेले सापडतात. दवाखान्यात असे पेशंट क्वचित दिसतात हे खरं; शवविच्छेदनात मात्र प्रमाण बरंच जास्त आढळतं. म्हणजे कॅन्सर पोहोचतो, आपल्याला कळत नाही.

टीएसएचवरून ग्रंथी कसं काम करतेय ते समजतं, गाठ कशाची आहे ते नाही. उरलेली ग्रंथी नीट चालत असेल तर रिपोर्ट नॉर्मलच येणार.

खरी गुंतागुंत सुईने काढलेल्या नमुन्यात आहे. पेशी कुठल्या अवयवाच्या हे ओळखायला टीटीएफ-१ नावाची चाचणी करतात. ती थायरॉइडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पॉझिटिव्ह येते आणि फुफ्फुसाच्या बहुतेक अ‍ॅडिनोकार्सिनोमातही (हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार)! तेवढ्यावर थांबलं तर फसगत ठरलेली. म्हणून सोबत थायरोग्लोब्युलिन आणि पॅक्स-८ या चाचण्याही बघतात. ही दोन्ही सहसा थायरॉइडच्या बाजूने बोलतात, नॅप्सिन-ए फुफ्फुसाच्या. पण या चाचण्या लावाव्यात हे पॅथॉलॉजिस्टला सुचायला हवं ना? फुफ्फुसाचा कॅन्सर आहे किंवा पूर्वी होऊन गेलाय, हे तपासणीच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे ना, हे आग्रहाने बघा.

आयोडीनचं म्हणाल तर फुफ्फुसातून आलेल्या पेशी ते शोषत नाहीत, डोस वाया जातो. उपचार फुफ्फुसाच्या कॅन्सरचेच, ईजीएफआर, एएलके वगैरे जनुकांच्या तपासणीवरून ठरणारे.

आता उलटी बाजू. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या असतात, फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या माणसातही. पेट स्कॅनमध्ये मानेत ठिपका चमकला म्हणून लगेच ‘पसरला’ म्हणू नये. तो थायरॉइडचा स्वतंत्र, लहानसा कॅन्सरही असू शकतो. सुई न घालताच चौथी स्टेज, म्हणजे कॅन्सर दूरवर पसरलाय असं ठरवलं, तर फुफ्फुसाचं ऑपरेशन करून बरं होण्याची संधी एखाद्याच्या हातून जाते.