आकडा नको, तारीख सांगा

एक फाइल आमच्या साहेबांच्या टेबलावर सात महिने पडून होती. नव्या उत्पादनाचा प्रकल्प होता. उभा राहायला चार वर्षं, पहिली दोन वर्षं तोट्याची, मग पैसे सुटायला लागतील असा हिशोब. साहेब हुशार होते आणि भित्रे तर अजिबात नव्हते. सुट्टीत एकटे डोंगर चढायला जायचे. एकदा पाय मोडून आले, बरा झाल्यावर पुन्हा गेले. पण त्या फाइलवर काही सही होईना. ‘आणखी माहिती मागवावी’ असा शेरा पडायचा आणि फाइल खाली यायची. त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती.

त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी तीच फाइल नऊ दिवसांत मंजूर केली. आकडे तेच, तक्ते तेच, तिसऱ्या पानावरची टायपिंगची चूकसुद्धा तीच.

कॅन्टीनमध्ये आमचा निकाल तयार होता: हा वाघ, आधीचा नुसता कारकून. मीही त्यात होतो. आम्ही माणसांचे स्वभाव वाचत बसलो होतो, आणि वाचायला हवी होती त्यांची नेमणूकपत्रं. पहिल्या साहेबांचा पगार ठरलेला, खुर्ची पक्की, अट एकच: मोठी चूक व्हायला नको. प्रकल्प चालला असता तर हार पुढच्याच्या गळ्यात, फसला असता तर ठपका यांच्यावर. दुसऱ्या साहेबांचा करार तीन वर्षांचा, पगार बेताचा आणि वर भरपूर स्टॉक ऑप्शन.

ऑप्शनचा मामला साधा आहे. शेअर 100 वर असताना पुढची काही वर्षं तो 100 लाच घेण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. भाव 160 झाला तर 60 तुमचे. भाव 40 वर आला तर तुम्ही कागद फाडून टाकायचा, तुमच्या खिशाला चाट नाही. 60 बुडाले ते भागधारकाचे. छापा पडला तर माझं, काटा पडला तर तुझं. भाव जितके हेलकावे खाईल तितकी त्या कागदाची किंमत जास्त. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. (भाव एकदा 160 झाला की मात्र हाच वाघ मांजरासारखा पावलं टाकतो, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी हातात असतं.)

मग खुर्ची पक्की असणं वाईट का? अमेरिकेत याची एक परीक्षा आपोआप घडून गेली. 1980च्या दशकात तिथल्या अनेक राज्यांनी कंपन्यांवर जबरदस्तीने ताबा मिळवणं अवघड करणारे कायदे केले. टेकओव्हर झाला की वरची मंडळी आधी घरी जातात, म्हणजे कायद्याने साहेबांच्या खुर्च्या घट्ट झाल्या. मारिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये त्याचे परिणाम मांडले. मला वाटलं होतं, साहेब आता राजवाडे बांधत सुटले असतील. तसं दिसलं नाही. जुने कारखाने बंद होण्याचं प्रमाण घटलं आणि नवे उघडण्याचंही घटलं. कर्मचाऱ्यांचे पगार वाढले, नफा आणि उत्पादकता उतरली. कुणाशी भांडण नको, कुणाला काढायला नको, नवं काही सुरू करायला नको. आमच्या पहिल्या साहेबांची सात महिन्यांची शांतता मला या निष्कर्षांत जशीच्या तशी भेटली.

यावर लगेच उत्तर येतं की खुर्ची सैल ठेवा, भीती राहू द्या. हे उत्तर देणाऱ्यांनी अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेकडे बघावं. तिथे शाखांमधल्या कर्मचाऱ्यांवर खाती विकण्याची टार्गेटं होती आणि ती चुकली तर नोकरीवर गदा. घाबरलेल्या लोकांनी काय केलं? ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलर दंड झाला तेव्हा अशा संशयित खात्यांचा अंदाज 20 लाखांचा होता, पुढच्या वर्षी तो 35 लाखांवर गेला. म्हणजे भीतीने माणूस सावध होतोच असं नाही. महिनाअखेरीला नोकरी जाणारच असेल, तर पुढे कधीतरी पकडलं जाण्याची जोखीम स्वस्त वाटते.

आणि भोगलं कोणी, कधी? सुमारे 5,300 कर्मचारी आधीच काढले गेले होते. प्रमुख जॉन स्टम्फ यांचे 4.1 कोटी डॉलरचे शेअर बँकेने परत घ्यायचं ठरवलं ते प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर, आणि नियामकाने त्यांना वैयक्तिक दंड केला तो 2020 मध्ये. खालच्याचा हिशोब महिन्याचा, वरच्याचा वर्षांचा.

‘साहेबांना मालक करा, शेअर द्या, जबाबदारी आपोआप येईल’ हाही एक आवडता उपाय. बेअर स्टर्न्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे प्रमुख राहिलेले जिमी केन यांच्याकडे एकेकाळी स्वतःच्याच बँकेचे जवळजवळ 1 अब्ज डॉलरचे शेअर होते. मार्च 2008 मध्ये त्यांनी ते साधारण 6 कोटी डॉलरला विकले. एवढं पणाला लागलेलं असूनही बँक बुडालीच. मग मालकीने काय साधलं? संशोधक ल्युशन बेबचुक आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मोजली. 2000 ते 2008 या काळात बेअर स्टर्न्सच्या वरच्या पाच जणांनी बोनस आणि शेअरविक्रीतून मिळून सुमारे 1.4 अब्ज डॉलर रोख घरी नेले, त्याच वर्षी बुडालेल्या लेहमन ब्रदर्स बँकेच्या पाच जणांनी सुमारे 1 अब्ज. उरलेले शेअर मातीमोल झाले हे खरं, पण तोवर बरंच काही सुखरूप बाहेर पडलं होतं.

शिवाय बँकेत भागधारक स्वतःच अर्धा जुगारी असतो. भांडवल थोडं, उधारी प्रचंड. शेअर शून्यावर आला की त्याचं नुकसान तिथेच थांबतं, पुढचं बँकेला उधार देणाऱ्यांनी किंवा करदात्यांनी सोसायचं. फालेनब्राख आणि स्टुल्झ या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की ज्या बँकप्रमुखांचं हित भागधारकांशी जास्त जुळलेलं होतं, त्यांच्या बँका 2008 च्या आर्थिक संकटात काही बऱ्या तरल्या नाहीत, उलट काही बाबतींत जास्तच मार खाल्ला. जुगाऱ्याशी हातमिळवणी करून जुगार कसा सुटेल?

म्हणून साहेबांच्या पगाराच्या आकड्यावरून वाद पेटला की मी हल्ली बाजूला होतो. आकड्याला कुंपण घातलं की पैसा दुसऱ्या फटीतून जातो. अमेरिकेने 1993 मध्ये दहा लाख डॉलरच्या वरच्या पगारावर कंपन्यांना मिळणारी करसवलत काढली, पण कामगिरीशी जोडलेलं मानधन त्यातून वगळलं. ऑप्शनचा पूर आला. युरोपने 2014 मध्ये बँकांतला बोनस ठरलेल्या पगाराइतका, भागधारक हो म्हणाले तर दुपटीपर्यंत, असा बांधला. बँकांनी ठरलेला पगारच वाढवला.

मला तारीख हवी. पैसे हातात कधी पडणार आणि परत कधीपर्यंत मागता येणार? अर्थतज्ज्ञ गुस्ताव्हो मान्सो यांची 2011 मधली मांडणी मला पटते: माणसाने नवं काही करावं असं वाटत असेल तर सुरुवातीचं अपयश माफ करा आणि बक्षीस उशिराच्या यशावर द्या. म्हणजे पहिल्या साहेबांची पक्की खुर्ची आणि दुसऱ्या साहेबांचे ऑप्शन दोन्ही हवेत, फक्त ऑप्शन सहा-सात वर्षांनी, माणूस कंपनी सोडून गेला असला तरी, पिकायला, म्हणजे वापरता यायला, हवेत. अशाने चांगली माणसं मिळणार नाहीत म्हणतात. चार वर्षांच्या कामाचे पैसे अठरा महिन्यांत मागणारी मिळणार नाहीत, हे मान्य.

आमची ती फाइल वाईट नव्हती. नव्या साहेबांचे निम्मे ऑप्शन अठरा महिन्यांनी पिकणार होते, म्हणून चार वर्षांचं काम अठरा महिन्यांत कोंबलं गेलं. चाचण्या कापल्या, घोषणा मोठी झाली, शेअर चढला, साहेबांनी विकले आणि मुदतीआधीच दुसरीकडे गेले. चौथ्या वर्षी, म्हणजे मूळ कागदावर नफा लिहिला होता त्या वर्षी, विभाग बंद झाला. मी पहिल्या साहेबांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिसऱ्या पानावरची चूक तरी दुरुस्त केली होती का रे त्याने?"