खुलासा: ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे ‘दुसरी नशा’ नव्हे

ब्राउन शुगर (हेरॉइन) सोडवण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी दिली जाते. तिच्याबद्दल ‘ब्राउन शुगर सुटली, पण गोळीची नशा लागली,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. शरीराला गोळीची सवय होते, हे खरं. पण ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या (अफू, हेरॉइनसारख्या द्रव्यांच्या) जागा घट्ट धरून त्यांना अर्धवटच चेतवते. तलफ शमते आणि नेमाने घेणाऱ्याला झिंग चढत नाही.

गोळी जिभेखाली ५ ते १० मिनिटं विरघळू द्यावी. गिळली तर बरंचसं औषध वाया जातं. पहिला डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, साधारण २ ते ४ मिलिग्रॅम. तोही शेवटच्या ब्राउन शुगरनंतर किमान १२ तासांनी, जांभया, घाम, नाक गळणं सुरू झाल्यावरच. घाई केली की नशा सुटतानाचा त्रास एकदम उसळतो आणि दोष गोळीला मिळतो.

सर्वांत घातक सल्ला ‘गोळी महिन्याभरात बंद करा’ हा. गोळी सुटल्यावर शरीराची नशा पेलण्याची सहनशक्ती उतरलेली असताना पुन्हा ब्राउन शुगर घेतली, तर जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो.