‘बाळ झाले की सगळे ठीक होते’: एका संदेशाचा प्रतिवाद

साथीच्या काळात गरोदर स्त्रियांसाठी एक संदेश मोबाइलवर सतत फिरत असतो. अशा दिवसांत भीती वाटणे साहजिक आहे, तो आजार नव्हे; रडू नये, कारण त्याचा बाळावर परिणाम होतो; मनाची औषधे मुळीच घेऊ नयेत; आणि बाळ झाले की सगळे आपोआप ठीक होते, असा त्याचा आशय असतो. ‘भीती साहजिक आहे’ एवढा भाग सोडला, तर यातले काहीच टिकत नाही.

कोविडच्या साथीत त्या भीतीला कारणे होतीच. अनेक रुग्णालयांनी प्रसूतीच्या वेळी जवळच्या माणसाला आत येऊ दिले नाही, तपासण्या लांबल्या, आणि २०२० मधील मोठ्या लसचाचण्यांतून गरोदर स्त्रियांना वगळल्यामुळे त्यांना लशीबद्दल ठाम सल्ला देण्याइतकी माहिती सुरुवातीला उपलब्धच नव्हती. मात्र कारण खरे आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एरवीसुद्धा सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो.

रडल्याने बाळाला इजा होत नाही. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचा मुदतपूर्व प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी संबंध आढळतो. पण हा उपचारांच्या बाजूचा मुद्दा झाला, अश्रू दाबण्याच्या बाजूचा नव्हे.

औषधांचा मुद्दा अधिक नाजूक आहे. मनःस्थितीतील तीव्र चढउतारांवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला घातक असल्याने गरोदरपणात शक्यतो टाळतातच. उलट नैराश्यावरील काही औषधे, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, फायदा आणि जोखीम तोलून दिली जातात, आणि चालू असलेले औषध घाबरून एकाएकी बंद केल्यास आजार उलटू शकतो. शिवाय उपचार म्हणजे केवळ गोळ्या नव्हेत. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्यग्रस्त गरोदर स्त्रियांना विचारपद्धती बदलण्यास मदत केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी २३ टक्के स्त्रियांत नैराश्य उरले होते, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के.

सर्वांत घातक विधान शेवटचे आहे. बाळंतपणानंतरचे हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरते, हे खरे. नैराश्य मात्र तसे ओसरत नाही. प्रसूतीनंतर निदान होणाऱ्या तीव्र नैराश्यापैकी जवळपास निम्मे प्रसूतीपूर्वीच सुरू झालेले असते, आणि अपुरी झोप व एकटेपण त्यात भरच घालतात. म्हणून वाट पाहण्याऐवजी तपासणीतच विचारले पाहिजे. नैराश्याची शक्यता गुणांतून दाखवणारी १९८७ सालची एडिंबरा प्रश्नावली त्यासाठी पुरते: गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न, जे प्रत्यक्ष भेट शक्य नसल्यास फोनवरूनही विचारता येतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्या स्त्रीशी त्याच दिवशी सविस्तर बोलून पुढील मदतीची व्यवस्था करावी लागते.