खुलासा : बूस्टर रेंज निर्माण करत नाही

'गाडीत बूस्टर बसवा किंवा फोनमागे सोनेरी अँटेना-स्टिकर चिकटवा, नेटवर्क नसलेल्या घाटातही पूर्ण रेंज येईल' असा मेसेज सध्या फिरतो आहे. यातलं स्टिकरचं आधी निकालात काढू. ती पट्टी फोनच्या सर्किटला जोडलेलीच नसते, त्यामुळे तिचा उपयोग शून्य.

बूस्टर मात्र खरा असतो. बाहेरची अँटेना टॉवरचा क्षीण सिग्नल पकडते, मधला अँप्लिफायर तो वाढवतो आणि आतली अँटेना फोनपर्यंत पोचवते. फोनचा सिग्नल याच वाटेने उलटा टॉवरकडे जातो. पण मुळात पकडायलाच काही नसेल, तर वाढवणार काय? शून्याला कितीनेही गुणा.

शिवाय दोन्ही अँटेना फार जवळ आल्या, तर माईक स्पीकरसमोर धरल्यावर होतं तेच होतं. बूस्टर आपलाच आवाज ऐकून गोंधळतो आणि आसपासच्यांचं नेटवर्कही बिघडवू शकतो. म्हणूनच बऱ्याच देशांत त्यावर निर्बंध आहेत. अमेरिकेत मान्यताप्राप्त उपकरण नोंदणी करून वापरता येतं, भारतात परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहे. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलं आहे.

फोनवरच्या दांड्यांवरही फार विसंबू नका. सेटिंगमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलची ताकद सांगणारा आकडा दिसतो : उणे ८५ चांगला, उणे ११५ अगदी क्षीण. तो पाहत थोडं उंचावर, मोकळ्यावर जा. प्रवासाआधी नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.