फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

शेजारच्या काकूंचा संगणक आज दुपारी नुसता बीप वाजवत अडून बसला. पडद्यावर एक अक्षर उमटेना. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने यंत्र न पाहताच सांगून टाकले, "विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल." हे वाक्य ऐकले की माझा संताप अनावर होतो. ते बीप मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी देते, आणि तेही हार्ड डिस्कवरून विंडोज वाचली जाण्यापूर्वी. मग डिस्क कोरी करून काय साधणार होते? मी रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली, खाचेत पुन्हा घट्ट बसवली आणि संगणक सुरू झाला. काकूंच्या नातवाचे सगळे फोटो जागच्या जागी राहिले.

माझ्या बाबांचे लेखन मात्र राहिले नाही. काही वर्षांपूर्वी त्यांच्या संगणकाची तक्रार याहून साधी होती. वीज गेली की त्याची तारीख मागे जाऊन २००९ साल दिसे, आणि मग ब्राउझर एकही संकेतस्थळ सुरक्षित मानत नसे, कारण त्या घड्याळानुसार संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत अजून सुरूच झालेली नसे. दुकानदाराने व्हायरस ठरवला आणि कोणालाही न विचारता सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, फॉरमॅट केला. आयुष्यभर मराठी शिकवलेले बाबा गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणी लिहीत होते आणि त्यातले बरेचसे डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो, हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हते असे मी कधीही मानणार नाही. संगणक घरी आला, वीज गेली आणि पुन्हा २००९ उजाडले! दोष होता वीज नसताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटण सेलचा, जो कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

डिस्कच्या दुसऱ्या भागावर, डी ड्राइव्हवर, काही प्रकरणे उरली होती, पण ती उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसला. बाबा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या जुन्या श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉरमॅटबरोबर फॉन्ट गेला की मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. फॉन्ट पुन्हा टाकल्यावर ती प्रकरणे परत मिळाली. डेस्कटॉपवरच्या फायलींच्या जागी मात्र नवी विंडोज लिहिली गेली होती. रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती तुकडेच लागले.

कधी कधी फॉरमॅटवाचून गत्यंतर नसते, हे मान्य. दुकानात राबणाऱ्या मुलांविषयी तर मला कळवळाच वाटतो, कारण तासभर दोष शोधण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो आणि फॉरमॅटचा ठरलेला दर मात्र मुकाट्याने देतो. पण म्हणून एका वृद्ध माणसाचे लेखन न विचारता पुसायचे? बाबांनी ती प्रकरणे पुन्हा लिहायला घेतली नाहीत. ज्यांच्या तोंडून त्यांनी त्या आठवणी ऐकल्या होत्या, त्यांतले बहुतेक लोक तोपर्यंत हयात नव्हते.

डिस्कला हात लावण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फॉन्ट यांची प्रत काढलीच पाहिजे, त्या फायली ग्राहकासमोर उघडून दाखवल्याच पाहिजेत, आणि जो दुकानदार यासाठी वेळ नाही म्हणेल त्याच्याकडून संगणक तसाच उचलून घरी आणा.